लोकशाही टिकवण्यात ख्रिस्ती धर्माचा वाटा किती आणि नास्तिकांचा किती? पोलंडच्या निमित्ताने एक प्रश्न

जिज्ञासू_सांगली (प्रश्न)

नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळात सध्या विसाव्या शतकातील हुकूमशाही राजवटी आणि त्यांचा शेवट हा विषय चालू आहे. गेल्या बैठकीत त्यावरून सरळ दोन तट पडले. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक माणूस ईश्वराची प्रतिमा आहे आणि म्हणून राजसत्तेपेक्षा त्याची सदसद्विवेकबुद्धी मोठी आहे, हा विचार युरोपला ख्रिस्ती धर्माने दिला. लोकशाही त्याच जमिनीत रुजली आणि ज्या राजवटींनी देवालाच हद्दपार केले त्या सोव्हिएत रशियापासून अल्बेनियापर्यंत सगळ्या हुकूमशाही राजवटी ठरल्या. दुसऱ्या बाजूने सांगितले गेले, की चर्चने शतकानुशतके राजांच्या दैवी अधिकाराला आशीर्वाद दिला, पुढे फ्रँकोच्या स्पेनशीही १९५३ साली व्हॅटिकनने करार केला, आणि विचारस्वातंत्र्य मिळाले ते चर्चशी झगडणाऱ्या बुद्धिवाद्यांमुळे.

चर्चेत पोलंडचे उदाहरण वारंवार पुढे आले. तिथली नास्तिक कम्युनिस्ट राजवट चर्चच्या बळावर उलथली, असे सरसकट म्हटले जाते. हे कितपत खरे आहे? त्या लढ्यात धर्म न मानणारे लोक होते का, आणि असल्यास चर्चशी त्यांचे कसे जमले? सत्तांतर झाल्यावर चर्चने लोकशाहीला बळ दिले की तिच्यावर आपला अधिकार गाजवला? जाणकारांनी सर्वसाधारण विधानांपेक्षा प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी सांगितल्या, तर पुढच्या बैठकीला मोठा आधार होईल. पोलंडबाहेरची उदाहरणेही चालतील.

विस्तुलाकाठ

मी पूर्व युरोपच्या इतिहासाचा अनेक वर्षे अभ्यास करतो आहे, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात १९८० पासून नव्हे, तर १९७६ पासून करावी लागते. त्या वर्षीच्या जूनमध्ये पोलिश सरकारने खाद्यपदार्थांचे भाव एकाएकी वाढवण्याची घोषणा केली. रादोम शहरात आणि वॉर्साजवळच्या उर्सुस येथील ट्रॅक्टर कारखान्यात कामगारांनी संप केला. सरकारने भाववाढ मागे घेतली, पण संपकऱ्यांना मात्र कामावरून काढले, बेदम मारहाण केली आणि तुरुंगात डांबले. त्यांच्या कुटुंबांना वकील आणि पैशांची मदत मिळावी म्हणून सप्टेंबरमध्ये कामगार संरक्षण समिती स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत यान झिएया हे वयोवृद्ध कॅथलिक धर्मगुरू होते, एडवर्ड लिपिन्स्की हे जुन्या पिढीतले समाजवादी अर्थशास्त्रज्ञ होते, आणि यात्सेक कुरोन हे एके काळचे पक्षनिष्ठ कम्युनिस्ट व देव न मानणारे कार्यकर्तेही होते. १९८० च्या 'सॉलिडॅरिटी' या स्वतंत्र कामगार संघटनेच्या चार वर्षे आधीच आस्तिक आणि नास्तिक एका कागदावर सह्या करत होते, ही गोष्ट पोलंडविषयीच्या ढोबळ चर्चेत हटकून गळते.

मे १९७७ मध्ये क्राकोमधील स्तानिस्वाव पियास या विरोधी चळवळीतील विद्यार्थ्याचा संशयास्पद मृत्यू झाला आणि पाठोपाठ समितीच्या सदस्यांची धरपकड सुरू झाली. त्या वेळी वॉर्साच्या जुन्या भागातील सेंट मार्टिन चर्चमध्ये काही जणांनी आठवडाभर उपोषण केले. तुरुंगातील कामगारांना आणि समितीच्या सदस्यांना सोडा, एवढीच त्यांची मागणी होती. बसलेल्यांत एक धर्मगुरू होते, कॅथलिक नियतकालिकांतून लिहिणारे होते, तसेच ज्यांच्या घरात चर्चचा काही संबंध नव्हता अशा डाव्या विचारांच्या तरुण मंडळींचाही त्यांत समावेश होता. उपोषणकर्त्यांच्या वतीने बाहेर बोलण्याचे काम तादेउश माझोवियेत्स्की या कॅथलिक संपादकाने पत्करले. जुलैमध्ये सरकारने सर्वांना माफी देऊन सोडले. उपोषणाला बसायला त्या देशात पोलिसांच्या हाताबाहेरची दुसरी जागाच नव्हती, आणि ती जागा देताना चर्चने कोणाला श्रद्धेचा दाखला मागितला नाही. माझ्या मते पोलंडमधील चर्चने लोकशाहीसाठी केलेले सर्वात मोठे काम हेच आहे. प्रवचने त्यानंतर येतात.

आदाम मिखनिक हा त्या धर्मनिरपेक्ष डाव्या गटातला तरुण इतिहासकार. त्याच वर्षी पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने आपल्याच गोटातील लोकांना सुनावले, की चर्च म्हणजे केवळ प्रतिगामी शक्ती ही आपली समजूत सोडून द्या, कारण आज हे चर्च माणसाच्या हक्कांसाठी बोलते तेव्हा ते आपल्याही हक्कांसाठी बोलत असते. मात्र चर्चने उद्या स्वतःसाठी खास सवलती मागू नयेत, ही चिंताही त्याने लपवली नाही.

ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात संप झाला. दोन क्रमांकाच्या फाटकावर फुलांच्या शेजारी पोप दुसरे जॉन पॉल यांचे छायाचित्र लावलेले असे आणि कारखान्याच्या आवारात प्रार्थना होत. हे दृश्य सगळ्यांना माहीत असते. त्या संपाच्या एकवीस मागण्या मात्र फार थोडे लोक वाचतात. तिसरी मागणी मतस्वातंत्र्याची आणि छपाईच्या स्वातंत्र्याची होती आणि तिच्यात सर्व धर्मपंथांच्या प्रतिनिधींना प्रसारमाध्यमे खुली करावीत असे म्हटले होते. बहुसंख्य कॅथलिक कामगारांनी ते केवळ कॅथलिकांसाठी मागितले नाही. संपाचे नेते लेक वालेसा यांच्या सल्लागारांत एकीकडे माझोवियेत्स्की होते, तर दुसरीकडे ब्रोनिस्वाव गेरेमेक हे ज्यू कुटुंबात जन्मलेले, चर्चशी नाते नसलेले मध्ययुगाचे अभ्यासक होते. उलट पोलंडचे धर्मप्रमुख कार्डिनल व्हिशिन्स्की यांनी २६ ऑगस्टच्या प्रवचनात संयम राखण्याचे असे आवाहन केले, की सरकारने ते दूरचित्रवाणीवरून दाखवणे सोयीचे मानले. संपकरी त्यामुळे निराश झाले, पण संप मागे घेतला नाही. तेव्हा चर्च म्हणजे एकच एक आवाज होता असेही समजू नये.

डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर येर्झी पोपिएउश्को हे वॉर्सातील तरुण धर्मगुरू दर महिन्याला देशासाठी प्रार्थनासभा घेत, आणि तिथे एरवी चर्चची पायरी न चढणारे लोकही येऊन उभे राहत. १९ ऑक्टोबर १९८४ रोजी गृहखात्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांचे अपहरण करून त्यांना ठार मारले आणि मृतदेह व्वोत्सवावेकच्या जलाशयात टाकला. पुढे तोरुन येथील खटल्यात त्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाली.

आपल्या ज्येष्ठ सदस्यांना माझी विनंती आहे, की राज्याने सक्तीने लादलेला निरीश्वरवाद आणि एखाद्या माणसाने स्वतः विचार करून देव नाकारणे या दोन गोष्टी त्यांनी एका मापाने मोजू नयेत. पहिल्या प्रकारच्या राजवटीने दुसऱ्या प्रकारच्या माणसांनाही तुरुंगात घातले. कुरोन आणि मिखनिक यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे तिथे काढली.

ब्र्नोकर

मी कामानिमित्त झेक प्रजासत्ताकात राहतो. इथले बहुसंख्य लोक कोणत्याही चर्चचे सदस्य म्हणवून घेत नाहीत, तरीही इथली लोकशाही पोलंडइतक्याच कष्टाने परत मिळालेली आहे. चेकोस्लोव्हाकियातील कम्युनिस्ट सरकारकडे मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या १९७७ च्या सनदेचे पहिले तीन प्रवक्ते होते नाटककार व्हाच्लाव हावेल, तत्त्वज्ञ यान पातोच्का आणि १९६८ मध्ये परराष्ट्रमंत्री असलेले माजी कम्युनिस्ट यिर्झी हायेक. पातोच्का यांचा पोलिसांच्या दीर्घ चौकशीनंतर काही दिवसांतच मृत्यू झाला. व्हाच्लाव बेंदा यांच्यासारखे कडवे कॅथलिकही याच सनदेमागे उभे होते.

आपल्या बैठकीत सांगावी अशी एक गोष्ट मोरावियातील ऑगस्टिन नाव्राटिल या शेतकऱ्याची आहे. त्याने १९८७ च्या अखेरीस धर्मस्वातंत्र्यासाठी एकतीस मुद्द्यांचा अर्ज तयार केला आणि त्यासाठी त्याला मनोरुग्णालयातही डांबण्यात आले. वयाची ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनल तोमाशेक यांनी त्या अर्जाला उघड पाठिंबा दिला आणि त्यावर सहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत धर्म न मानणारेही होते. स्वतः कधी प्रार्थना न करणारा माणूस दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या हक्कासाठी आपले नाव आणि पत्ता लिहून देतो आणि त्यापायी नोकरी गमावण्याची तयारी ठेवतो, याला मी लोकशाहीची खरी कसोटी मानतो.

विधिज्ञ_पुणे

वरील दोन्ही प्रतिसादांत ख्रिस्ती संस्था छळ सोसणाऱ्या बाजूला आहे. जिथे सत्ता ख्रिस्ती लोकांच्याच हाती होती आणि नास्तिक दाराबाहेर होता, असे उदाहरणही पाहायला हवे, आणि ते ब्रिटनच्या संसदेत सापडते.

चार्ल्स ब्रॅडलॉ हे जाहीर नास्तिक १८८० साली नॉर्थहॅम्प्टन या बूट बनवणाऱ्या कामगारांच्या शहरातून निवडून आले. ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी केवळ प्रतिज्ञा करू द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. ती नाकारली गेली. मग ते शपथ घ्यायला तयार झाले, तर नास्तिकाची शपथ निरर्थक आहे असे सांगून सभागृहाने तीही घेऊ दिली नाही. त्यांना एक रात्र घड्याळाच्या मनोऱ्यातील कोठडीत ठेवले गेले आणि पुढच्या वर्षी पोलिसांनी त्यांना संसदेच्या दारातून ओढत बाहेर काढले. जागा रिकामी ठरवली जाई आणि नॉर्थहॅम्प्टनचे मतदार त्यांनाच पुन्हा निवडून देत. त्या मतदारांत ख्रिस्ती श्रद्धा बाळगणारे असंख्य लोक होते. आपला प्रतिनिधी कोण असावा हे ठरवण्याचा आपला हक्क त्यांनी सोडला नाही, एवढेच.

पंतप्रधान ग्लॅडस्टन हे नित्यनेमाने चर्चला जाणारे, धर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिणारे गृहस्थ होते आणि ब्रॅडलॉ यांची मते त्यांना मनापासून अमान्य होती. तरी २६ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी प्रतिज्ञेचा पर्याय देणाऱ्या विधेयकावर प्रदीर्घ भाषण केले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता, की संसदेने १८२९ मध्ये कॅथलिकांना आणि १८५८ मध्ये ज्यूंना प्रवेश दिल्यानंतर 'कोणता तरी देव माना' एवढीच अट उरते, अशा अटीने ख्रिस्ती धर्माचे कसलेही रक्षण होत नाही, आणि अन्यायाशी नाव जोडले गेल्याने खरे नुकसान धर्माचेच होते. विधेयक अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांना धर्म वाचवत असल्याची खात्री होती. कार्डिनल मॅनिंग त्यांतले एक. अखेर १८८६ मध्ये सभागृहाच्या नव्या अध्यक्षांनी ब्रॅडलॉ यांना शपथ घेऊ दिली, आणि १८८८ मध्ये त्यांनीच मांडलेला शपथविषयक कायदा मंजूर झाला.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. हेच ब्रॅडलॉ डिसेंबर १८८९ मध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला आले होते आणि संसदेत हिंदुस्थानचे प्रश्न इतके लावून धरत, की त्यांना हिंदुस्थानचे सदस्य म्हटले जाई. १८९१ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारे तरुण मोहनदास गांधी उपस्थित होते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी आपल्या संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी दुरुस्ती मांडली, तेव्हा ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी नामंजूर झाली. विरोधात बोलणाऱ्यांतील हृदयनाथ कुंझरू यांचा मुद्दा हाच होता, की विचार आणि श्रद्धा यांचे स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेतच एक श्रद्धा सर्वांवर लादणे विसंगत ठरेल. आज आपले मंत्री आणि आमदार 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो' यांपैकी जे मनाला पटेल ते म्हणतात आणि कोणी त्यांना कारण विचारत नाही.

मांडवीतीर

गोव्यातील असल्यामुळे थोडी भर घालतो. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालने १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार केला आणि त्याच दिवशी वसाहतींतील मिशनकार्यासंबंधीचा दुसरा करारही झाला. गोव्यात आम्ही जी हुकूमशाही भोगली ती देवाचे नाव घेणारी होती. सभाबंदी आणि वर्तमानपत्रांवरील नियंत्रण यांत तिने कुठे कसूर केली नाही. कॅथलिक कुटुंबात जन्मलेले गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठवण्यात आले.

पण चित्र पुरे करायचे तर पोर्तो शहराचे बिशप अंतोनियो फेरैरा गोमिश यांचेही नाव घ्यावे लागते. १९५८ मध्ये त्यांनी सालाझारला पत्र लिहून कामगारांची स्थिती आणि राजकीय स्वातंत्र्याचा अभाव यांवर बोट ठेवले. त्याची किंमत म्हणून त्यांना १९५९ पासून दहा वर्षे देशाबाहेर काढावी लागली. चर्चचा मोठा भाग राजवटीच्या मांडीला मांडी लावून बसलेला असताना एका बिशपने हे केले, याचे मोल मला फार वाटते.

जिज्ञासू_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका मात्र राहते. पोलंडमध्ये आणि चेकोस्लोव्हाकियात आस्तिक-नास्तिक एकत्र आले ते समोर समान शत्रू होता म्हणून, असे कोणी म्हटले तर काय उत्तर द्यावे? शत्रू गेल्यावर ते सख्य टिकले का? विस्तुलाकाठ यांनी यावर लिहावे अशी विनंती आहे.

विस्तुलाकाठ

शंका रास्त आहे. ते सख्य पूर्वीसारखे टिकले नाही, हे आधी स्पष्ट सांगतो.

१९८९ मध्ये सरकार आणि विरोधक यांच्यात गोलमेज चर्चा झाली, तिला चर्चचे निरीक्षक उपस्थित होते. ४ जूनच्या निवडणुकीनंतर माझोवियेत्स्की पंतप्रधान झाले. उपोषणकर्त्यांचे प्रवक्ते असलेले तेच हे गृहस्थ. त्यांच्याच सरकारने ऑगस्ट १९९० मध्ये सरकारी शाळांत धर्मशिक्षण सुरू केले आणि तेही संसदेत कायदा न करता, मंत्रालयाच्या एका सूचनापत्राने. नागरी हक्कांच्या पहिल्या लोकपाल एवा वेंतोव्स्का यांनी त्याला घटना न्यायाधिकरणात आव्हान दिले, पण जानेवारी १९९१ मध्ये न्यायाधिकरणाने सरकारची बाजू उचलून धरली. ज्या निर्णयावर संसदेत खुली चर्चा व्हायला हवी होती तो चर्चच्या इच्छेखातर मागच्या दाराने घेतला गेला, असे माझे ठाम मत आहे. नव्या लोकशाहीला ही सवय लागायला नको होती. मिखनिकची १९७७ मधील चिंता इतक्या लवकर खरी ठरली.

तरीही त्याच माझोवियेत्स्की यांनी पुढे जे केले ते विसरता येत नाही. नव्या राज्यघटनेच्या उद्देशिकेवरून वर्षानुवर्षे वाद चालला होता. अनेक कॅथलिक गटांना आरंभी सर्वशक्तिमान ईश्वराचे नाव हवे होते, तर डाव्या पक्षांना देवाचा उल्लेखच नको होता. माझोवियेत्स्की यांनी सुचवलेल्या मसुद्यात पोलंडचे नागरिक म्हणजे सत्य, न्याय, चांगुलपणा आणि सौंदर्य यांचा उगम ईश्वरात आहे असे मानणारे, तसेच ती श्रद्धा नसलेले पण हीच मूल्ये अन्य स्रोतांतून आली असे मानून त्यांचा आदर करणारे, असे दोन्ही एका वाक्यात, समान हक्कांनी आणि समान कर्तव्यांनी आले. शत्रू जाऊन आठ वर्षे झाली होती. ज्या राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत ही घटना झाली ते अलेक्सांदेर क्वाश्निएव्स्की धर्म न मानणारे माजी कम्युनिस्ट होते. २५ मे १९९७ च्या सार्वमतात जेमतेम ५३ टक्के मतांनी घटना मंजूर झाली, आणि विरोध करणाऱ्यांत 'सॉलिडॅरिटी'मधील पूर्वीचे अनेक सहकारी होते.

२०१५ नंतर हे शब्द जसेच्या तसे राहिले, पण त्यांचे रक्षण करणारे न्यायाधिकरण मात्र सत्ताधाऱ्यांनी ताब्यात घेतले. रीतसर निवडल्या गेलेल्या तीन न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्षांनी शपथच दिली नाही आणि त्यांच्या जागी दुसरे बसवले गेले. बऱ्याच बिशपांनी सरकारच्या धर्मविषयक घोषणांकडे पाहून या प्रकाराकडे काणाडोळा केला, तर क्राकोचे 'तिगोद्निक पोव्शेख्ने' हे जुने कॅथलिक साप्ताहिक सरकारवर टीका करत राहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये याच न्यायाधिकरणाने गर्भपाताचा कायदा आणखी कडक केला, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि प्रथमच मोठ्या प्रमाणावर चर्चच्या इमारतींसमोर निषेध झाला. सेंट मार्टिन चर्चमध्ये उपोषणाला बसलेल्यांच्या नातवंडांच्या वयाची ही मुले चर्चला सत्तेचा भाग समजतात. त्याबद्दल मला खेद वाटतो, पण दोष त्या मुलांना देता येत नाही. २०२३ च्या निवडणुकीत ७४ टक्के मतदान होऊन सरकार बदलले, तरी न्यायाधिकरणाचा गुंता त्यामुळे आपोआप सुटला नाही.